नवमीला पान्यांना सुट्टी

म्हैसूरला जाऊन आलेला माणूस राजवाड्याच्या दिव्यांबद्दल बोलतो, हत्तींबद्दल बोलतो, निदान साडीबद्दल तरी बोलतोच. मी दसऱ्याच्या ऐन गर्दीत तिथे राहून आलो आणि मी जे पाहिलं ते सगळं एका बॉनेटखाली मावतं. तरीही लिहायला बसलोय, कारण आमच्या गल्लीत या प्रवासाच्या चार वेगवेगळ्या हकीकती फिरताहेत आणि त्यातल्या तीन मीच सांगितलेल्या आहेत. ही चौथी. हिच्यात खोटं जवळजवळ नाही.

आधी सोनाक्काची ओळख. सोनाक्का म्हणजे आमची गाडी. दुधी रंग, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला, आणि हॉर्न असा की म्हशीसुद्धा बाजूला होऊन नमस्कार करतात. वडिलांनी ती घेतली तेव्हा मी सातवीत होतो. मिरजेत आमचं मंगल कार्यालय आहे, आणि त्या गाडीतून इतक्या मुली सासरी गेल्या आहेत की तिची मागची सीट अजूनही दर पावसाळ्यात रडते.

माझी बायको हेमा शाळेत गणित शिकवते. त्यामुळे तिची कुठलीही अट पळवाट न ठेवता मांडलेली असते. या वर्षी गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यायची, असं मी जेवताना हळूच म्हणालो. हेमाने ताटातून मान वर केली.

"तुमच्या ताई पंधरा वर्षं म्हैसूरला बोलावताहेत ना? दसऱ्याला जाऊ. गाडीनेच जाऊ. स्वतःच्या चाकांवर गेली आणि स्वतःच्या चाकांवर परत आली तर खुशाल करा नोंदणी. पण एकदा जरी ट्रकवर चढली, तर तिथूनच भंगारात. मान्य?"

मी मान्य म्हणालो. लग्नाच्या वेळीही मी असाच घाईत मान्य म्हणालो होतो.

हिरियूरच्या पुढे

बेळगाव, हुबळी मजेत गेलं. पहिला मुक्काम चित्रदुर्गला. सकाळी निघालो तर टेकड्यांवर पवनचक्क्या अशा फिरत होत्या, जणू सगळा जिल्हा कुणीतरी पंखा लावून वाळत घातलाय. हिरियूर मागे पडलं, नारळाच्या बागा सुरू झाल्या, आणि चढावर सोनाक्काने एक झटका दिला. मग आणखी एक. चारातला एखादा सिलिंडर मधेच काम टाकून तंबाखू मळायला बसावा तसं. मेकॅनिक याला ‘मिसिंग मारते’ म्हणतात.

"हिला उचकी लागली," हेमा म्हणाली.

"कुणीतरी आठवण काढत असेल."

"भंगारवाला," हेमा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढे एका झाडाखाली शहाळीवाल्याकडे थांबलो. त्या माणसाने तीन घावांत शहाळं उघडलं, त्याच शहाळ्याच्या सालीचा चमचा करून दिला, आणि मी बॉनेट उघडून आत डोकावतोय हे पाहून एक शहाळं जास्त फोडलं. आपल्याकडे बॉनेट उघडलं की दहा माणसं सल्ला द्यायला जमतात. इथे शहाळं देतात. दोन्हींनी गाडी सुरू होत नाही, पण शहाळं गार असतं. सोनाक्का थंड झाल्यावर आपली आपण सुरू झाली आणि उचक्या देत देत, पण स्वतःच्या चाकांवर, अष्टमीच्या संध्याकाळी म्हैसूरच्या बोगादीत ताईच्या दारात जाऊन उभी राहिली. अर्धी अट पुरी झाली होती. मी मिशीला पीळ द्यायला हात वर केला. मिशी नाही हे नंतर लक्षात आलं.

बोगादी, नवमीची सकाळ

ताई माझी थोरली बहीण. दाजी एका कंपनीत संगणकावर बसतात. लग्नात मिरजेहून नेलेल्या ताईचं मराठी अजून मिरजेचं आहे, फक्त दाराशी आलेल्या भाजीवाल्याशी ती कन्नडमध्ये अशी भांडते की ऐकायला शेजारी गॅलरीत येतात.

सकाळी चौचौ भात झाला. म्हणजे एकाच बशीत एका बाजूला तिखट उपमा, दुसऱ्या बाजूला गोड शिरा, आणि मधे सरहद्द नाही. आमच्याकडे शिरा खायचा तर मनाची वेगळी तयारी करावी लागते. इथे घासागणिक तह होतो. मी तीनदा तह केला.

मग पूजेची गडबड. खंडेनवमी आपल्याकडेही आहे, पण आपण चार हत्यारांना गंध लावतो, नमस्कार करतो आणि संध्याकाळी त्याच पक्कडीने गॅसची नळी आवळतो. गाडीला हार दसऱ्याला. इथे गाडीची पूजा नवमीलाच, आणि पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. वर्षभर राबलं, एक दिवस झोपू दे म्हणतात. ताईने देवापुढे जे मांडलं ते पाहून मी थक्क झालो. पाने, पक्कड, हातोडी, विळी, सुऱ्या, हेमाची कात्री, मिक्सरची पाती, आणि सगळ्यात वर झेंडूची माळ घातलेला दाजींचा लॅपटॉप. दाजींच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"बंडू, तुझी हत्यारांची पिशवी आण," ताई म्हणाली. मी आणली. तिलाही हळदकुंकू झालं.

पूजेआधी मी इंजिन पुसून घेतलं होतं. पाहुण्यांची गाडी, चारचौघांत बॉनेट उघडणार, म्हणून जरा फडकं मारलं. एवढंच.

सोनाक्का नटली. पुढे दोन्हीकडे केळीचे खुंट, काचेवर विभूतीचे तीन पट्टे, चाकांखाली चार लिंबं. इंजिनवर फुलं ठेवून झाली, बॉनेट लागलं. दाजींनी कोहळा ओवाळून रस्त्यावर असा आपटला की बिया समोरच्या गेटपर्यंत गेल्या. सगळी गल्ली बघत होती. आता एक फेरी मारायची, लिंबं चिरडायची, झालं. मी किल्ली फिरवली.

सोनाक्का खोकली. पुन्हा फिरवली. ती शिंकली. तिसऱ्यांदा फिरवली आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की चामुंडीच्या डोंगरावर पुजाऱ्याच्या हातातलं ताम्हन निसटलं म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नका. पण समोरच्या घरातली बाळंतीण उठून बसली हे खरं, कारण तिच्या सासूने तसं कन्नडमध्ये सांगितलं आणि ताईने त्याचं भाषांतर करायला नकार दिला.

लिंबं जशीच्या तशी राहिली. हेमा मनातल्या फळ्यावर गणित मांडायला लागली.

"मेव्हणे," दाजी मायेने म्हणाले, "हूटगळ्ळीला माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे. माणूस सज्जन. मी ट्रकला फोन करतो. तुम्ही दोघं उद्याच्या गाडीने आरामात मिरजेला जा. वहिनींची परवा शाळा आहे ना?"

फोन केला. ट्रकवाला म्हणाला, आज पूजा झाली, ट्रक हलणार नाही, उद्या सकाळी नऊला येतो. आयुष्यात पहिल्यांदा मला ट्रकवाल्याच्या धार्मिकपणाचा गहिवर आला.

म्हणजे माझ्याकडे उद्या नऊपर्यंतचा वेळ होता. सोनाक्का तोवर सुरू झाली तर घरी, नाहीतर हूटगळ्ळी.

नवमीची दुपार

"हिनकलला केशवण्णा आहेत," ताई म्हणाली. "जुन्या गाड्यांचे एकच मेकॅनिक. आपलीच माणसं. पण आज ते काही करतील असं वाटत नाही."

दाजींच्या स्कूटरवर मागे बसून केशवण्णा आले. सत्तरीचे, ठेंगणे, पांढरं धोतर, आणि अंगावर शाल. दुपारच्या उन्हात शाल. त्यांचे दोन्ही हात शालीच्या आत होते.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलेलं. कापड रंगवायचं आणि छापायचं त्यांचं काम. "माझ्या आजोबांच्या नखातली निळाई चितेपर्यंत गेली नाही," ते म्हणाले. "माझं ग्रीस तसंच जाणार." बोलणं मराठी, पण मधेमधे कन्नड असं येऊन बसायचं, जसा आमच्या कार्यालयात न बोलावलेला पाहुणा पंगतीत बसतो आणि कुणालाच खटकत नाही.

"केशवण्णा, तेवढं बघता का?" मी बॉनेट उघडलं.

"बघतो. हात लावू होत नाही."

"म्हणजे?"

त्यांनी शालीतून हात बाहेर काढले. दोन्ही तळहातांवर गंधाचे गोल टिळे, मधे कुंकू, अक्षता अजून चिकटलेल्या. "आमच्या घरात पान्यांच्या शेजारी हे दोन पण ठेवतात. बायको पूजा करते. उद्या मध्यान्हापर्यंत हे झोपलेत. झोपलेल्याला उठवू होत नाही, नोडी, बघा." आणि हात पुन्हा शालीत गेले.

"उद्या नऊला ट्रक येतोय हो!"

"तुमच्या हातांची पूजा केली का कुणी?"

"नाही."

"मग ते मोकळे आहेत. मी सांगतो, तुम्ही करा."

खुर्ची आली, कॉफी आली. कॉफी त्यांना ताईने पाजली, कारण हात झोपलेले. आणि मग सुरू झालं ते असं ऑपरेशन, ज्यात डॉक्टर बांधलेले, कंपाउंडरच्या हातात काही नाही, आणि रोगी फुलांनी मढलेला.

ज्यांच्या नशिबी नव्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. ती वाटून देणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. त्याला आपण पोस्टमन समजू. त्याच्या काळ्या टोपीतून चार वायरी निघतात आणि चार सिलिंडरच्या चार प्लगांकडे जातात. टोपीच्या आत एक रोटर गरगर फिरतो आणि ज्याची पाळी त्याच्या दारात ठिणगी टाकतो. त्याखाली दोन इवलेसे काटे असतात, ते मिटतात-उघडतात तेव्हा ठिणगी तयार होते. आणि शेजारी अंगठ्याएवढी डबी, कंडेन्सर. काटे जळू नयेत म्हणून.

"टोपी काढा. दोन चाप आहेत, बोटांनी निघतात."

निघाली.

"आत पाहून सांगा. काटे कसे?"

"काळे. एकावर पुटकुळी, दुसऱ्यावर खड्डा. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखे."

"कंडेन्सर गेला. हिरियूरपासून हिला उचकी लागली म्हणालात ना? हेच ते. काटे घासायला पाहिजेत. कानस?"

मी देवघराकडे पाहिलं. कानस झेंडूखाली होती. ताई उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हात चौकटीला.

"ताई, नुसती एक कानस…"

"बंडू, हात लावलास तर या घरचं पाणी पिणार नाहीस."

तेव्हा हेमा आतून आली. पर्स उघडली. तिच्यातून एक रुमाल, लाल नेलपॉलिशची बाटली, फळ्याचे खडू असं काय काय बाहेर आलं आणि शेवटी नखं घासायची चपटी कानस. ती तिने माझ्या हातावर ठेवली. "तुटली तर नवी घ्यायची," एवढंच म्हणाली. मी त्या कानशीने काटे असे घासले की हेमाच्या नखांनाही इतकी आपुलकी कधी मिळाली नसेल.

कंडेन्सर केशवण्णांनी सोबत आणला होता, जेवणाच्या डब्यात. "हा सामान आहे, हत्यार नाही. सामानाला नवमी नसते." तो बसवायला एक बारीक स्क्रू. स्क्रू ड्रायव्हर देवापुढे. मी स्वयंपाकघराकडे वळलो.

"चमच्याची पूजा केली नाहीये मी," ताई आतूनच म्हणाली.

चमच्याच्या दांड्याने जुना कंडेन्सर सुटला. नवा लावताना स्क्रू माझ्या बोटांतून सुटला आणि टण् टण् करत इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेला. त्यानंतर सगळ्यांचे चेहरे जसे झाले तसे मी फक्त लग्नात मंगळसूत्र सापडत नाही तेव्हा पाहिलेले आहेत.

"चुंबक," केशवण्णा म्हणाले.

"चुंबक हत्यार आहे का?" दाजींनी विचारलं. ते आता मनापासून रमले होते.

"फ्रिजवर असतं ते नाही."

दाजींच्या फ्रिजवर बायकोमुलांपेक्षा जपलेला एक चुंबकाचा हत्ती होता. तो हत्ती दोऱ्याला बांधून मी इंजिनात सोडला. दहा मिनिटं मी गळ टाकून बसलो. म्हैसूरच्या दसऱ्यात हत्ती बघितला का असं मला आता कुणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून हो म्हणतो. माझा हत्ती स्क्रू सोंडेत घेऊन वर आला.

मग काट्यांमधलं अंतर. ते मापायला पट्टी असते, ती अर्थातच झोपलेली. "जाड कागद आहे? पत्रिकेसारखा?"

मंगल कार्यालयाच्या मालकाकडे पत्रिका नसणार? माझ्या शर्टाच्या खिशात तीन होत्या. एक फार जाड निघाली, मुलाकडचे पैसेवाले होते. दुसरी बरोब्बर बसली. पण मापायच्या वेळी काटे पूर्ण उघडे हवेत, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून इंच इंच ढकलायची. दाजींनी नव्या रेशमी सदऱ्यात सोनाक्काला ढकललं. लिंबं तेव्हा चिरडली गेली. ताईला बरं वाटलं.

"आता चिमटीत पत्रिका सरकवा. अडते?"

"किंचित."

"स्वल्प अडायलाच पाहिजे. आवळा स्क्रू. टोपी बसवा. मारा सेल्फ."

मी देवाचं नाव घेतलं, हेमाकडे पाहिलं, किल्ली फिरवली. ठिणगी जोरात होती यात शंका नाही, कारण बारसुद्धा आता दुप्पट मोठा उडाला. केळीचा एक खुंट आडवा झाला.

केशवण्णा खुर्चीतून उठले. बॉनेटपाशी आले, खाली वाकले आणि एका नजरेत काय ते बघून सरळ झाले.

"पूजेआधी इथलं कुणी काय काढलं होतं का?"

हेमा पाच फुटांवर उभी. "छे! कुणी नाही," मी म्हणालो.

"पुसताना? काही सुटलं, काही परत लावलं?"

"अजिबात नाही. फडकंसुद्धा लांबूनच फिरवलं."

"विचार करा. तिसऱ्यांदा विचारतो."

"पेट्रोलच भेसळीचं असेल," मी म्हणालो. "किंवा कोहळा नीट फुटला नाही."

केशवण्णांनी मान हलवली. "आमच्या घरी कापड रंगवताना आजोबा एक सांगायचे. आधी हिरडा, मग तुरटी, मग रंग. सामान सगळं चांगलं, हात चांगला, पण क्रम चुकला की कापड रंग धरत नाही. येतो मी. घरी दिवा लावायचाय." दाजींच्या स्कूटरवर बसता बसता ते म्हणाले, "आणि डॉक्टरशी खोटं बोलणाऱ्याला एक रात्र ताप राहू द्यावा. बरा असतो."

दशमी, साडेआठ

आता ती राहिलेली गोष्ट सांगतो. वर मी ‘एवढंच’ म्हणालो ना, तिथे थोडं सांडलं होतं.

त्या टोपीतल्या चार वायरी वाकड्यातिकड्या जात होत्या. एक या बाजूला, एक तिच्यावरून उडी मारून, दोन एकमेकींत अडकलेल्या. जणू नळावर भांडणाऱ्या बायका. कुंकू लावायला सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून मी त्या चारही उपसल्या, पुसल्या, आणि एक, दोन, तीन, चार अशा शाळेच्या रांगेसारख्या सरळ लावल्या. फार सुंदर दिसत होत्या. कार्यालयात पंगत मांडणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! हे पाप असू शकतं असं केशवण्णांचा हिरडा ऐकेपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं, आणि ऐकल्यावर ते पोटातून जाईना. पण आता कुठली वायर कुठे होती ते आठवेना, आणि हेमाच्या देखत कबूल तरी कसं करायचं? गाडी म्हातारी झाली म्हणून बंद पडली तर तिचं नशीब. मी बंद पाडली हे कळलं तर भंगारवाला दोघांसाठी ट्रक आणेल.

ट्रक नवाऐवजी साडेआठलाच आला. त्याच्या कपाळावरही विभूती, दोन्ही बाजूंना फुलं, आणि मागचा मोकळा भाग धुऊन लख्ख केलेला. ड्रायव्हर उतरला, सोनाक्काभोवती एक फेरी मारली आणि साखळदंड काढायला लागला. हेमाची बॅग दारात आली होती. ती सोनाक्काच्या डिकीकडे नाही, स्टेशनसाठी बोलावलेल्या रिक्षाच्या दिशेने ठेवलेली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून शाल दिसली. केशवण्णा चालत आले होते.

मी धावत गेलो, त्यांना कडुलिंबाच्या आडोशाला घेतलं आणि त्यांच्या कानात सगळं सांगितलं. चारही वायरी. पंगतीसकट.

ते इतके हसले की शाल खांद्यावरून घसरली आणि पूजलेले हात उघडे पडले. "पहिल्या खोकल्याचं वर्णन तुमच्या दाजींनी स्कूटरवर केलं, तेव्हाच कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाही हो? काल दुपारीच!"

"तुम्ही सांगत होता का? आणि वायरी आधी सांगितल्या असत्या तर गाडी चालू झाली असती. मग तुम्ही काटे घासले असते? कंडेन्सर बदलला असता? हार काढून टाटा करून गेला असता, आणि हिरियूरच्या चढावर पुन्हा उचकी. तिथे ट्रक मिळाला असता, पण केशवण्णा मिळाला नसता. आणलेला आजार आधी काढायचा, केलेला आजार मग. आता सुम्ने, उगाच उभं राहू नका. पहिली वायर बरोबर आहे, तिला हात नको. दुसऱ्या घरात तिसऱ्या सिलिंडरची. मग चौथ्याची. शेवटी दुसऱ्याची. सिलिंडर रांगेने पेटत नाहीत, त्यांची पाळी अशीच. एक, तीन, चार, दोन."

ड्रायव्हरने पुढच्या चाकाला साखळी घातली होती. मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलो. एक, तीन, चार, दोन. वायरी पुन्हा तशाच वाकड्या झाल्या, एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या, आणि मला त्या आयुष्यात इतक्या सुंदर कधी दिसल्या नव्हत्या. आत बसलो. किल्ली फिरवली.

बार नाही. खोकला नाही. सोनाक्का एका दमात सुरू झाली आणि अशी घुमू लागली, जशी माहेरी आलेली बाई दुपारी ओसरीवर गुणगुणते. आसपासच्या चार गल्ल्यांत टाळ्या वाजल्या. बरं, तीन माणसांनी वाजवल्या. त्यातला एक ट्रकचा ड्रायव्हर होता, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर तो जागचा हलेना.

"काय म्हणतोय?" मी ताईला विचारलं.

"पूजेनंतरची पहिली खेप आहे. ट्रक रिकामा परत नेऊ होत नाही म्हणतो. वर्ष वाईट जाईल. काहीतरी चढवा म्हणतो."

सगळ्यांनी सोनाक्काकडे पाहिलं. मी तिच्या दारापुढे हात पसरून उभा राहिलो. मग हेमाच पुढे झाली. तिने सोनाक्काचे केळीचे खुंट सोडले, दाजींच्या गाडीचे सोडले, गेटचे सोडले, आणि ट्रकवर टाकले. ते पाहून शेजारच्या चार घरांतूनही खुंट आले, त्या बाळंतिणीच्या सासूनेसुद्धा दोन दिले. हूटगळ्ळीच्या गाईंची त्या दिवशी दिवाळी झाली असणार. ड्रायव्हरने खुंटांनी भरलेल्या ट्रकमधून आम्हाला हात केला आणि निघून गेला.

हेमाने रिक्षाकडची बॅग उचलली आणि सोनाक्काच्या डिकीत ठेवली.

केशवण्णांना मी वाकून नमस्कार केला. त्यांना आशीर्वादाला हात वर करता येत नव्हते. "मध्यान्हानंतर आठवणीने देतो," ते म्हणाले.

पुन्हा हिरियूरच्या अलीकडे

आपट्याची पानं वाटून आम्ही निघालो. श्रीरंगपट्टण, नागमंगल, नारळाच्या बागा. चढ आला, मी श्वास रोखला, सोनाक्काने रोखला नाही. उचकीचं नाव नाही. वाटेत मी हेमाला माझ्या हातांच्या कौशल्याबद्दल बरंच सांगितलं. कंडेन्सर ओळखायला नुसता अनुभव पुरत नाही, कान लागतो, वगैरे. ती हूं हूं म्हणत होती.

तोच शहाळीवाला त्याच झाडाखाली होता. बॉनेट बंद बघून त्याने या खेपेला एकच शहाळं फोडलं.

"बॉनेट उघडा," हेमा म्हणाली.

"कशाला? छान चालली आहे."

"उघडा हो."

उघडलं. तिने पर्समधून ती लाल नेलपॉलिशची बाटली काढली. पदर कमरेला खोचला, आत वाकली, आणि पहिल्या वायरीवर एक ठिपका दिला. टोपीच्या त्या घरापाशी एक. पुढच्या वायरीवर तीन ठिपके, घरापाशी तीन. मग चार, चार. मग दोन, दोन. अक्षर फळ्यावर असतं तसं, एकही ठिपका वाकडा नाही.

माझ्या हातातलं शहाळं जड झालं. "तुला कधी कळलं?"

"नवमीच्या सकाळी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी गाळत होते. तुम्ही चारही वायरी काढल्यात आणि ‘काय बाई गबाळ्या लावल्यात’ म्हणत सरळ लावल्यात."

"आणि तू गप्प बसलीस? ट्रक आला, साखळी लागली, तरी गप्प?"

"पेपर चालू असताना बाईंनी उत्तर सांगायचं नसतं," हेमा म्हणाली. "कानस दिली होती की."

तिने बाटलीचं झाकण लावलं. "पुढच्या नवमीला पुन्हा पुसायला काढाल, तेव्हा बघून लावा. आता फुंकर घाला, ओलं आहे."

मी बॉनेटमध्ये वाकलो आणि एक, तीन, चार, दोन अशी क्रमाने फुंकर घातली.